मैद्याच्या भाकरीला ठेवलेली नावं

आमच्या घरात जेवणावरचं मत ताटानं सांगायची पद्धत होती. भाजी खारट झाली की बाप तोंडानं काही बोलायचा नाही. ताट उचलायचा आणि भिरकावायचा. आईच्या डाव्या भुवईवर पांढरी रेघ आहे, ती वांग्याच्या भाजीची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "दुखलं का गं तेव्हा?" ती म्हणाली, "मीठच जास्त झालं होतं, बाई." म्हणजे रक्त तिचं आणि चूकही तिचीच.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं असं मला वाटतं.

गाव आमचं आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आम्ही; घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. आमच्या घराण्यात शाई लागायची ती फक्त अंगठ्याला. बी.कॉम. झाले ती मी पहिली. ते मी आजही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. भाऊ माझ्यापेक्षा मोठा. तो सातवीत शाळा सोडून नागपूरला एका बेकरीत लागला होता. बाप वारल्यावर परत आला आणि नव्वदीच्या शेवटाशेवटाला आदिलाबादला बसस्टँडमागं एक गाळा भाड्यानं घेऊन त्यानं पिझ्झ्याचं हॉटेल काढलं. विटांची भट्टी स्वतः बांधली. चीज हैदराबादच्या बसनं बर्फात यायचं. नोकरीचे अर्ज टाकून मी घरी बसले होते, तर म्हणाला, "ओ बी.कॉम., गल्ल्यावर बस. हिशेब तुले येते, भांडण मले येते." हे तो गमतीनं म्हणाला होता.

गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून आलं. खायला कमी आणि मत द्यायला जास्त. कापूस घेऊन आलेले शेतकरी दारात बैलगाडी सोडून आत यायचे, ताटलीभोवती उभे राहायचे.

"हे काय व्हय बाप्पा? भाकरीवरच भाजी वाढली. उद्या म्हणन ताट बी खा."

"वढलं का तार निंगते पाय. भाकर हाय का मच्छरदानी?"

"कच्ची हाय का शिजली हाय, हे कोनाले इचाराव?"

तहसीलमधले एक तेलुगू कारकून रोज यायचे, खिशातून आंब्याच्या लोणच्याची डबी काढायचे, वर चोपडायचे आणि समाधानानं खायचे. एक मास्तर म्हणाले, हे आजाऱ्याचं खाणं आहे, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. मला या सगळ्याची मजा वाटायची. माणूस नावं ठेवतो म्हणजे चघळतो, आणि चघळतो म्हणजे उद्या येतो, एवढं मला कळत होतं.

भावाला कळत नव्हतं. त्याच्या कानाला मत म्हणजे भिंतीवर आपटलेलं ताट. कोणी "बेचव" म्हटलं की त्याच्या मानेची शीर उभी राहायची.

पहिली मारामारी एका कंडक्टरशी झाली. त्यानं एक घास घेतला, तुकडा नालीत टाकला आणि म्हणाला, "कुत्र्याच्या नशिबाचा होता." भावानं त्याला कॉलर धरून नालीपर्यंत ओढत नेला. "काढ. काढून खाय." कंडक्टर काढेना. भावानं त्याचं डोकं धरून खाली दाबलं, तोंड नालीच्या दगडावर आपटलं. दात पडला तो तिथंच राहिला.

दुसरी मारामारी भज्याच्या गाडीवाल्याशी. तो भर गर्दीत आमच्या दारात उभा राहून ओरडला, "यात चरबी हाय, धरम बुडवून राह्यले!" अर्ध्या माणसांनी हातातलं खाली ठेवलं. भावानं त्याला बखोटीला धरून आत आणलं आणि भट्टीच्या तोंडाशी त्याचा चेहरा नेला. "पाय. पाय ना चरबी. पाय कोनाची निंगते ते." मी आणि आणखी दोघांनी ओढून सोडवला, पण तोवर त्याच्या भुवया आणि पुढचे केस जळाले होते. तो वास दुकानातून लवकर गेला नाही. मला आजही जळक्या केसांचा वास आला की टमाट्याच्या रस्स्याची आठवण होते.

दुसऱ्या दिवशी घरमालक आला. कापडाचा व्यापारी, बोलायला मऊ. "देखो भाई, धंदा करो, मुझे क्या. मगर तीसरी बार इस दुकान में हाथ उठा, तो चाबी मेरी. मैं पूछूँगा भी नहीं कि गलती किसकी थी."

भट्टी त्या गाळ्यात बांधलेली. आईचे कानातले तिच्यात गेले होते. गाळा गेला की सगळं गेलं. त्या दिवसापासून भावानं एक सवय लावून घेतली. कोणी नाव ठेवायला लागलं की तो दोन्ही हात काखेत घालायचा आणि दाबून धरायचा. कोणी "मीठ नाही" म्हणालं की हात काखेत. "पैशे पाण्यात" म्हणालं की हात काखेत. गिऱ्हाइकाला वाटायचं याला थंडी वाजते. आदिलाबादच्या मे महिन्यात.

त्याच दिवसांत माझ्यासाठी एक स्थळ आलं. बेल्याच्याच पट्ट्यातलं, पण दूरच्या गावचं, त्यांना आम्ही पाहिलेलं नाही, त्यांनी आम्हाला नाही. आमच्याकडं रीत अशी, की मुलीला रीतसर पाहायला येण्याआधी वरपक्षाची माणसं गुपचूप येऊन जातात. ओळख देत नाहीत. विहिरीवर पाणी मागतात, बैलाचा भाव विचारतात आणि घर कसं आहे, माणसं कशी आहेत ते पाहून जातात. मध्यस्थानं भावाच्या कानात सांगितलं, "मंगळवारी येतीन. मुलाचा बाप अन् त्याचे भाऊ, जीपनं. गिऱ्हाईक बनून बसतीन. तुमी वळख दाखवू नोका."

आणि दुसरी रीत सगळ्या मराठी मुलखाला माहीत आहे. वरपक्षानं जेवणाला नावं ठेवायची. वरण पातळ, पुरी जाड, जिलबी वाकडी. तो त्यांचा मान. मुलीकडच्यांनी हात जोडायचे आणि म्हणायचं, "चुकलंमाकलं पदरात घ्या." भावानं मला सोमवारी समजावलं, "ज्याले घ्याचा नसते तो बैलाच्या तोंडात हात घालत नाही. जेवढ्या खोडी काढतीन तेवढं मनात भरलं समज."

"अन् मला मुलगा मनात भरला का, ते कोणी विचारणार आहे का?" मी म्हटलं.

"तू बी.कॉम. हायेस. तू त्याले पेपर दे."

मंगळवारी दुपारी दारात जीप थांबली. चौघे उतरले. पांढरे कपडे, खांद्यावर टॉवेल. पुढचा आडवा, मिशीवाला, बोटात अंगठ्या. भाऊ माझ्याकडं पाहून डोळ्यानं म्हणाला, आले. त्यानं स्वतः खुर्च्या पुसल्या.

त्यांच्यामागं थोड्या वेळानं एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. बसमधून उतरून चालत आलेला दिसत होता, पायांवर धूळ. कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "मले बी एक द्या. जे असन ते." भाऊ त्याच्यावर वसकन ओरडला, "थांबा बाबा, मोठी पंगत हाय." घाईघाईत भट्टीतून अर्धाकच्चा एक ओढला आणि मी तो म्हाताऱ्यासमोर ठेवला. म्हातारा तुकडे मोडून खात राहिला.

मिशीवाल्यानं पहिला घास घेतला आणि थुंकला. ताटलीत नाही, फरशीवर.

"हे कोनं केलं बे?"

"म्या केलं, बुवा." भावाचे हात काखेत.

"गाढवानं मुतलं का याच्यावर?"

बाकीचे तिघे हसले. भाऊही हसला. मी गल्ल्यावरून पाहत होते. त्याच्या मानेची शीर उभी होती आणि तोंड हसत होतं. मला वाटलं, जरा जास्तच मान घेतायत. त्यांच्या तोंडाला दारूचा वासही येत होता. पण व्याही म्हणजे व्याही.

"दुसरा आन."

दुसरा आणला. मिशीवाल्यानं त्याच्यावरचा लाल रस्सा बोटावर घेतला आणि भावाच्या सदऱ्याला पुसला. मग गालाला पुसला. "पाय, नवरदेव दिसते," एक जण म्हणाला. भाऊ म्हणाला, "तुमचा मान हाय, बुवा."

"मान? याले मान समजते रे!" आणि मिशीवाल्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. आवाज बाहेर रस्त्यावर गेला असेल. भावाच्या कानाची पाळी लाल झाली. हात काखेतच. उलट त्यानं मान वाकवली आणि म्हणाला, "चुकलंमाकलं पदरात घ्या."

आता मागं पाहिलं की हसूही येत नाही. कंडक्टरचा दात पाडणारा हा माणूस, आणि बहिणीच्या लग्नासाठी चार परक्यांचा मार प्रसादासारखा घेत होता. त्यांना त्याच्या हात जोडण्याचा अर्थ कळत नव्हता. त्यांना एवढंच कळलं, की हा मारून घेतो. मारून घेणारा माणूस सापडला की तसल्या लोकांना जेवण लागत नाही.

"फरशीवरचं उचल. खाय."

भाऊ खाली बसला. बसताना त्याला हात काखेतून काढावे लागले. त्यानं तो थुंकलेला तुकडा उचलला आणि हातात धरून वर पाहिलं. मी ओरडले, "दादा, नको." तो म्हणाला, "तू चूप बैस." मिशीवाल्यानं त्याच क्षणी स्टीलची ताटली उचलून त्याच्या तोंडावर फेकली.

कड भुवईला लागली. डावीच भुवई. रक्त डोळ्यात आलं, गालावरच्या टमाट्यात मिसळलं, कुठं काय ते कळेना. भावानं हात परत काखेत घातले आणि हसत, रक्त गिळत म्हणाला, "व्याहीबुवा, आता तरी पसंत हाय म्हना."

चौघे एकमेकांकडं पाहायला लागले.

"कोन व्याही बे? आमी कापसाच्या जिनिंगवरचे मुकादम. टायर पंक्चर झाला म्हनून थांबलो."

भावाचं तोंड जे झालं, ते मला लिहिता येत नाही. तो तसाच गुडघ्यावर राहिला.

मिशीवाला मात्र खुलला. "बहीन देऊन राह्यला का? कोनती? हे?" तो गल्ल्याशी आला आणि माझं मनगट धरलं. पिरगाळून जवळ ओढलं, बांगड्या फुटून आत रुतल्या. "चाल मंग. पसंत हाय."

भट्टीत पिझ्झा सारायचं लांब दांड्याचं लोखंडी पातं असतं. आम्ही त्याला फावडंच म्हणायचो. ते भट्टीच्या तोंडात राहिलं होतं आणि तोंड माझ्या उजव्या हाताशी होतं. मी ते ओढलं आणि मिशीवाल्याच्या खांद्यावर घातलं. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. त्यानं मनगट सोडलं. मी पुन्हा घातलं, त्या वेळी सदरा जळाला आणि कातडीही. तो खाली पडला तरी मी मारत होते. मला थांबायचं नव्हतं. राग म्हणावा तर तोही नव्हता. डोळ्यांपुढं फक्त भिंतीवरून ओघळणारी वांग्याची भाजी होती.

बाकीच्या तिघांनी भावाला घेतलं. खुर्ची त्याच्या पाठीवर मोडली, लाथांनी बरगड्या मोडल्या, त्याला भट्टीवर आपटलं तेव्हा पुढच्या विटा सुटल्या आणि निखारे फरशीवर आले. त्यानं हात काढले नाहीत. लोक धावून आले, पोलीस आले. कोपऱ्यातला म्हातारा पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याच्या ताटलीत फक्त कडा उरल्या होत्या.

मुलाचा बाप तो होता, हे नंतर कळलं. त्याच्या भावांची जीप सुरू झाली नाही म्हणून एकटा बसनं आला होता.

ठाण्यात मी बयान द्यायला उभी राहिले. "मारलं मी." सबइन्स्पेक्टर लिहायचा थांबला, माझ्याकडं पाहिलं, शिपायाकडं पाहून हसला. "बहनजी, आप घर जाइए. आदमी के कंधे की हड्डी टूटी है." मिशीवाल्यानं दवाखान्यात खाटेवरून सांगितलं, भावानं मारलं. पोरीनं मारलं हे त्याच्या तोंडातून कसं निघणार? चौकात जिनिंगचे हमाल त्याला जगू देतील का? आणि भाऊ, बरगड्या बांधलेला, भिंतीला टेकून बसलेला, तोही म्हणाला, "म्याच मारलं, साहेब. लिवा."

जेलच्या जाळीआडून मी त्याच्यावर ओरडले. "खोटं काऊन बोलला?"

"तुयं नाव केसमंदी गेलं तं कोन करन तुले?"

"माझी डिग्री खरी आणि माझा मार खोटा?"

तो मग म्हणाला, "तुले वाटते म्या भिऊन हात बांधून ठेवले. हात सोडले असते ना बाई, तं म्या त्याले भट्टीत घातला असता. पुरा." आणि हे खरं होतं, मला माहीत होतं. ज्या एका मारामारीत त्यानं बोट उचललं नाही, तिच्यासाठी तो आत बसला होता. आणि आधीच्या दोन मारामाऱ्या साऱ्या गावाला ठाऊक, तेव्हा त्याच्या बाजूनं कोण बोलणार? कंडक्टर स्वतःहून ठाण्यात येऊन आपल्या पडलेल्या दाताची जागा दाखवून गेला.

घरमालकानं चाबी घेतली. मी म्हटलं, दादानं हात उचलला नाही. तो म्हणाला, "बेटी, हाथ तो घर का ही था."

स्थळाचा निरोप मध्यस्थाकडून आला. म्हातारा म्हणाला होता, "पोरगी शिकलेली हाय, कामाची हाय, पन आमच्या घरचे गडीमानसं लेचेपेचे हायेत. टिकाचे नाहीत."

हसण्यासारखं होतं, मी हसले नाही. त्या चौघांशिवाय सगळं पहिल्यापासून पाहिलेला माणूस तो एकटाच होता. मी बस धरली, उतरून कापसाच्या शेतांतून चालत त्याच्या गावी गेले. तो अंगणात बैलाला पाणी पाजत होता. मला पाहून त्यानं आधी माझ्या हातांकडं पाहिलं.

"रिकामेच हायेत, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही नकार दिला, ते ठीक. तो तुमचा हक्क. पण पाहिलं ते कोर्टात सांगा."

"काय सांगू? सून पाहाले गेलो अन् अशी दिसली? चार गावं हासतीन मले."

"हसू द्या. माझा भाऊ आत आहे."

"तो तं मारकाच हाय म्हनते सारं आदिलाबाद."

"त्या दिवशी होता का?"

म्हाताऱ्यानं बादली खाली ठेवली. आतून त्याची बायको ओरडली, कोन आलं वो? "कोनी नाही," तो म्हणाला, आणि मला पाणीसुद्धा न विचारता गोठ्यात गेला. मी परत आले ते हे गेलंच असं समजून.

तारखेच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला होता. तीच टोपी, तीच पिशवी. मॅजिस्ट्रेट तेलुगू, म्हाताऱ्याला तेलुगू धड येईना. शिरस्तेदार त्याचं बोलणं तेलुगूत सांगत होता आणि त्यात कुठं चूक होते का, ते मी कान लावून ऐकत होते. तेवढ्यासाठी तरी मी शिकले होते.

"ह्या पोरानं हात काखेत घातले होते, साहेब. असे." त्यानं भर कोर्टात स्वतःचे हात काखेत घालून दाखवले. "मार खाल्ला तवा बी तसेच, अन् बहिनीले धरलं तवा बी तसेच. मारलं ते पोरीनं. म्या समोर बसून खाऊन राह्यलो होतो. खोटं बोलाचं असतं तं घरीच बसलो असतो, सोयरीक तं म्या मोडलीच हाय."

मॅजिस्ट्रेटनं मिशीवाल्याला विचारलं, ही मुलगी मारत होती का? त्याचा हात अजून गळ्यात बांधलेला. मागं बाकावर हमाल बसले होते. तो खाली पाहत शेवटी म्हणाला, कोनं मारलं ते दिसलं नाही, धूर होता. भाऊ सुटला. माझ्यावर मिशीवाल्यानं कधीच फिर्याद केली नाही. करायला ते वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं.

त्या घरी मी दिली गेले नाही, हे सांगून टाकते. नंतर मला बँकेत नोकरी लागली, लग्नही झालं, तो भाग वेगळा.

व्हरांड्यात भाऊ म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. त्याला ओळख पटायला वेळ लागला. "थांबा बाबा" म्हणून ज्याच्यावर ओरडला होता, तो हाच. म्हाताऱ्यानं पिशवी खांद्याला लावली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भुवईवरच्या खुणेशी थांबला.

"ते तुयं जे काय होतं ना," म्हातारा म्हणाला, "आतून कच्चं होतं. मीठ बी नोतं. पीठ दातात बसलं मायं, घरी जाईपावतर निंगलं नाही."

भावाचे हात सवयीनं काखेकडं गेले. तिथं पोचायच्या आत थांबले. त्यानं ते समोर आणले आणि जोडले.

"चुकलंमाकलं पदरात घ्या, बुवा."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि बसकडं चालायला लागला.